क्रीटला भाड्याची गाडी घ्यायची तर सुरुवात आरटीओपासून

"परवा निघतोय, गाडी बुक झाली आहे, आपलं लायसन्स तिथे चालतं ना?" ग्रीसला निघालेल्या ओळखीच्या लोकांकडून हा प्रश्न मला दर मोसमात येतो, आणि तो नेहमी उशिरा येतो. तिकीट, व्हिसा, हॉटेल, गाडी आणि सगळ्यात शेवटी कागद, असा क्रम लागतो. मग विमानतळावरच्या काउंटरवर गाडी मिळत नाही, भरलेले पैसे अडकतात आणि आई-वडील सामानावर बसून राहतात. खाली दिलेला क्रम पाळलात तर यातलं बहुतेक टळेल.

उदाहरण क्रीटचं घेतलं आहे, कारण गाडीचा खरा उपयोग होतो असं हे बेट आहे. पूर्व-पश्चिम लांबी साधारण २६० किलोमीटर, मधे उंच डोंगर आणि मोठे विमानतळ दोन. सँटोरिनी या ग्रीसच्याच दुसऱ्या बेटाचं गणित वेगळं आहे, त्याबद्दल नंतर.

१. आधी दिवस मांडा, मग गाडीचे दिवस मोजा

एक कागद घ्या आणि प्रत्येक दिवसाची एक ओळ लिहा: रात्री मुक्काम कुठे, दिवसा जाणार कुठे. गाडीची वेबसाइट अजून उघडू नका.

पहिली चूक विमानतळाचीच होते. क्रीटला हेराक्लिओन आणि हानिया हे दोन वेगळे विमानतळ आहेत आणि या दोन शहरांमध्ये सुमारे १४० किलोमीटर अंतर आहे. उत्तर किनाऱ्याच्या रस्त्याने दोन ते अडीच तास सहज लागतात. हानियाजवळ आठवडाभर राहणाऱ्याने स्वस्त मिळालं म्हणून हेराक्लिओनचं तिकीट काढलं, तर वाचलेले पैसे त्या प्रवासात जातात. नावांचा घोळही सांभाळा. इंग्रजी स्पेलिंग बघून आपण 'चानिया' म्हणतो, तिथले लोक 'हानिया' म्हणतात. हेराक्लिओनच्या पाट्यांवर 'इराक्लिओ' दिसेल. शहर तेच.

आता गाडी कोणत्या दिवशी *नको* ते ठरवा.

उतरल्याचा दिवस नको. मुंबईहून रात्रभराचा प्रवास करून, अर्धवट झोपेत, रस्त्याच्या उलट्या बाजूने गाडी चालवायला सुरुवात करू नये. यावर मी कोणाशी वाद घालत नाही, सरळ नाही म्हणते.

हेराक्लिओन बघायचा दिवस नको. क्नोसॉसच्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष शहरापासून पाचेक किलोमीटरवर आहेत आणि तिथे शहर बस जाते.

समारिया घळीचा दिवस तर अजिबात नको. ही सुमारे १६ किलोमीटरची पायपीट ओमालोसच्या पठारावर झायलोस्कालो इथे सुरू होते आणि खाली समुद्रकाठी आगिया रूमेली गावात संपते. त्या गावाला मोटारीचा रस्ता नाही. तिथून बोटीने सुया किंवा होरा स्फाकियोनला जायचं आणि पुढे बस पकडायची. गाडी वर डोंगरात ठेवलीत तर संध्याकाळी तुम्ही एका टोकाला आणि गाडी दुसऱ्या. त्या दिवशी जाता-येता बसच घ्या. घळ साधारण मे ते ऑक्टोबर उघडी असते आणि वारा-पाऊस-उन्हाळा बघून मधे बंदही ठेवतात.

उरलेले दिवस गाडीचे. एलाफोनिसीचा किनारा, रेथिम्नो शहराच्या मागची डोंगरातली गावं, पूर्वेकडे एलुंडा किंवा प्लाका गावाहून बोटीने स्पिनालोंगा बेट. सात दिवसांच्या सहलीत हे बहुतेकांचे तीन-चार दिवस होतात. सात दिवसांची गाडी घेऊन तीन दिवस ती पार्किंगमध्ये उभी ठेवणारी घरं मी पाहिली आहेत.

*सावधान:* भाड्याचा दिवस कॅलेंडरचा नसतो, चोवीस तासांचा असतो. सोमवारी सकाळी दहाला घेतलेली गाडी गुरुवारी दुपारी दोनला परत केलीत तर चार दिवसांचं भाडं पडू शकतं. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायची असेल तर त्याचे वेगळे पैसे आहेत का, हेही बुकिंगच्या आधीच विचारा.

२. कागद: हे फक्त भारतातच होतं

भारतीय लायसन्सवर ग्रीसमध्ये गाडी चालवायची तर सोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे आयडीपी, हवाच. तो तुमच्या आरटीओकडूनच मिळतो. परदेशात पोहोचल्यावर इंटरनेटवर 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' विकणाऱ्या वेबसाइट भेटतात, त्यांच्या छापील कार्डाला अर्थ नाही.

अर्ज परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर करायचा. सरकारी फी एक हजार रुपये. परवाना एक वर्ष चालतो, पण मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तोही तेव्हाच संपतो. चालू लायसन्स, पासपोर्ट आणि प्रवासाची कागदपत्रं लागतात. अनेक कार्यालयांत व्हिसाची प्रत मागतात आणि खरी अडचण तिथेच आहे. शेंगेन व्हिसा प्रवासाच्या थोडे दिवस आधी हातात पडतो आणि आयडीपीसाठी आठवडाही उरत नाही. म्हणून बाकीचं सगळं आधी तयार ठेवा: वैद्यकीय प्रमाणपत्राचा फॉर्म, फोटो, लायसन्सवरचा पत्ता. तुमच्या आरटीओत काय मागतात ते महिनाभर आधी जाऊन विचारून या. परवाना पोस्टाने येणार असेल तर ते दिवसही धरा.

नावं जुळवून बघा. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, लायसन्सवर कधी असतं कधी नसतं, आणि क्रेडिट कार्डावर नुसतं नाव-आडनाव. लग्नानंतर पासपोर्ट बदलला आणि लायसन्स माहेरच्याच नावाचं राहिलं, असंही होतं. मधल्या नावाचा फरक सहसा खपून जातो. आडनावाचा खपत नाही.

*सावधान:* स्कूटर किंवा चार चाकांची क्वाड बाइक घेण्याचा विचार असेल तर आयडीपीच्या प्रवर्गांचं पान उघडून बघा. दुचाकीचा शिक्का नसेल तर दुकानदाराने स्कूटरची चावी दिली तरी घेऊ नका. अपघात झाला की विमा कंपनी आधी परवाना बघते. हेल्मेट दोघांनाही, क्वाडवरसुद्धा.

लंडन, टोरोंटो, सिडनी किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना थोडी सवलत आहे. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या लायसन्सवर आयडीपीशिवाय चालवता येईल असा कायदा ग्रीसने २०२१ मध्ये केला. तरीही गाडी देणाऱ्याकडून ते लेखी घ्या. आणि कुटुंबातल्या ज्या माणसाकडे भारतीय लायसन्स आहे, त्याला ही सवलत नाही.

*इथे थांबून तपासा:* मूळ लायसन्स, आयडीपी आणि पासपोर्ट, तिन्ही कागदी किंवा कार्ड स्वरूपात. डिजिलॉकरमधलं लायसन्स तिथे कोणी बघणार नाही.

३. कार्ड

बहुतेक कंपन्या गाडी देताना अनामत रक्कम कार्डावर रोखून ठेवतात. त्यासाठी क्रेडिट कार्ड लागतं, आणि तेही जो चालवणार त्याच्याच नावाचं. बँकेचं प्रीपेड फॉरेक्स कार्ड जेवणाखाणाला उत्तम, पण अनामतीसाठी बहुतेक ठिकाणी नाकारतात. नवरा चालवणार आणि कार्ड बायकोच्या नावाचं, हेही चालत नाही.

भारतात कार्ड नवं आलं की परदेशातला वापर बंद असतो, तो आपण बँकेच्या ॲपमधून सुरू करायचा असतो. निघायच्या आधी तो सुरू करा, मर्यादा अनामतीपेक्षा मोठी ठेवा, चार आकडी पिन पाठ करा. ओटीपी येणारा नंबर रोमिंगवर चालू राहील हेही बघा. काउंटरवरच्या मशीनने रुपयांत की युरोत असं विचारलं तर युरो दाबा. रुपये निवडलेत की दर ते लावतात, आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो.

४. विमानतळ ते हॉटेल

गाडी दुसऱ्या दिवशी घ्यायची म्हटल्यावर पहिल्या दिवसाची सोय वेगळी करायला हवी. तीन मार्ग आहेत.

बस सगळ्यात स्वस्त. हेराक्लिओनचा विमानतळ शहरापासून जेमतेम पाच किलोमीटर, शहर बस आत नेते. हानियाचा विमानतळ अक्रोतिरी द्वीपकल्पावर, शहरापासून साधारण १४ किलोमीटर. तिथून केटेलच्या बस शहराच्या बस स्थानकात जातात. केटेल म्हणजे ग्रीसची आंतरशहर बस, आपल्या एसटीसारखी. सामान कमी, उतरण्याची वेळ दिवसाची आणि हॉटेल गावात असेल तर हीच घ्या.

टॅक्सी विमानतळाबाहेर रांगेत असते. मीटर सुरू आहे का ते बघा, किंवा भाडं ठरलेलं असेल तर दार उघडायच्या आधी आकडा पक्का करा. बेटावर ॲपवरून टॅक्सी मिळेलच हे गृहीत धरू नका.

आई-बाबा, मुलं आणि चार मोठ्या बॅगा असतील किंवा विमान मध्यरात्री उतरणार असेल, तर आधी ठरवलेलं ट्रान्सफर, म्हणजे तुम्हाला घ्यायला येणारी चालकासह गाडी, घ्या. पैसे जास्त जातात, पण अशा वेळी ते योग्यच आहेत. बुक करताना एवढ्या गोष्टी लेखी द्या: विमानाचा क्रमांक, माणसं किती, मोठ्या बॅगा किती, मुलाचं वय आणि त्याला सीट हवी का, हॉटेलचं पूर्ण नाव आणि गाव. भेटण्याची जागा आणि चालकाचा नंबर मागून घ्या. विमानाला उशीर झाला तर किती वेळ थांबतील, हे आधी विचारा.

*सावधान:* मध्यरात्रीची तारीख. तिकिटावर १५ तारीख, ००:४० लिहिलं असेल तर ती चौदाची रात्र आहे. 'पंधराला रात्री' असं लिहून लोक ट्रान्सफर बुक करतात आणि गाडी चोवीस तास उशिरा येते. हॉटेलचंही तसंच, खोली चौदापासून हवी.

दुसरी गोष्ट हॉटेलच्या दाराची. हानिया आणि रेथिम्नोच्या जुन्या गावात गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी दारापर्यंत जात नाही. चालक तुम्हाला गावाच्या कडेला सोडेल आणि पुढे दगडी फरशीवरून बॅगा ओढायच्या. हॉटेलला आधीच मेल करा: गाडी कुठपर्यंत येते, तिथून किती चालायचं, पायऱ्या किती. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय जुन्या गावात खोली घेऊ नका.

अथेन्सच्या पिरेयस बंदरातून रात्रीच्या बोटीने येत असाल तर बोट पहाटे लागते आणि गाडी देणारी दुकानं तेव्हा उघडलेली नसतात. हानियासाठीची बोट सुदा बंदरात येते, शहरापासून सातेक किलोमीटरवर. तिथून बस किंवा टॅक्सी, आणि गाडी नाश्ता झाल्यावर.

५. गाडी आणि विमा निवडताना

शक्य तितकी लहान गाडी घ्या. आय-टेनएवढी गाडी दोन-तीन माणसांना पुरते आणि डोंगरातल्या गावात वळवता येते. सातआसनी घेणार असाल तर लक्षात ठेवा, मागची आसनं उघडली की डिकी जवळपास संपते. सात माणसं किंवा सहा बॅगा, दोन्ही नाही.

गिअरची गाडी स्वस्त आणि मुबलक मिळते, ऑटोमॅटिक महाग आणि मोजक्या. तरी माझा सल्ला ऑटोमॅटिकचाच, आणि त्यासाठी बुकिंग महिने-दोन महिने आधी करा. उजवीकडून चालायचं, स्टिअरिंग डावीकडे आणि त्यात गिअर उजव्या हाताने, हे सगळं एकदम नको.

विम्यात लोक सर्वाधिक फसतात. 'विमा समाविष्ट' या दोन शब्दांवर थांबू नका. चार प्रश्न विचारा आणि उत्तर मेलवर घ्या.

नुकसान झालं तर माझ्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार? टायर, काच, आरसे आणि गाडीचा तळ यात येतात का? अनामत किती रोखणार? दुसरा चालक चालवणार असेल तर त्याचं नाव करारात घालायला काय लागतं?

मोठ्या पोर्टलवर दिसणारं अगदी स्वस्त भाडं पुष्कळदा मोठ्या अनामतीसोबत येतं. पोर्टल जो वेगळा विमा विकतं, त्यात आधी तुम्ही भरायचं आणि मग परत मागायचं. गाडी देणाऱ्याची अनामत त्याने टळत नाही. क्रीटमधल्या स्थानिक दुकानांत टायर-काचेसह पूर्ण विमा आणि अनामत नाही, असे व्यवहार मिळतात. भाडं थोडं जास्त वाटेल. मी तेच घेते.

*सावधान:* कच्च्या रस्त्यावर पूर्ण विमासुद्धा सहसा लागू नसतो. बालोसच्या खाडीकडे जाणारा सुमारे आठ किलोमीटरचा खडकाळ रस्ता यासाठी प्रसिद्ध आहे. बालोसला किसामोसहून बोट जाते, तिने जा. गाडी बोटीवर चढवून दुसऱ्या बेटावर न्यायची असेल तर लेखी परवानगी लागते.

६. गाडी ताब्यात घेताना

घाई करू नका. दुकानदार म्हणेल, "काही नाही, ठीक आहे," तरी करा.

फोनवर एकच सलग व्हिडिओ घ्या, नंबर प्लेटपासून सुरू करून पूर्ण फेरी. चारही चाकांच्या रिम, पुढच्या काचेचे कोपरे, दोन्ही आरशांची मागची बाजू. मग खाली वाका आणि पुढच्या बंपरचा खालचा ओठ दाखवा. फुटपाथला घासून तिथे ओरखडे पडलेले असतात, उभ्याने दिसत नाहीत, आणि वाद नेमका तिथेच होतो. एका दुकानात माझ्या करारावरच्या गाडीच्या चित्रात तो ओरखडा मांडलेला नव्हता. व्हिडिओ दाखवल्यावर माणसाने मुकाट्याने पेनने खूण केली आणि सही केली. त्या सहीशिवाय चार दिवसांनी मी काय बोलणार होते?

शेवटी आत बसून पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा टिपा. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चरचं किट, ते बघा. मदतीचा नंबर फोनमध्ये घाला. अपघात किंवा जीवघेण्या प्रसंगी ११२.

७. पहिला तास

दुकानाच्या गल्लीतून सरळ हमरस्त्यावर जाऊ नका. रिकाम्या जागेत दहा मिनिटं फिरा. मारुतीची सवय असेल तर इंडिकेटर द्यायला गेलात की वायपर सुरू होईल, कारण दांडी डाव्या हाताला आहे.

बाजू लक्षात ठेवायची खूण एकच: चालकाची सीट रस्त्याच्या मधल्या रेषेकडे असली पाहिजे. हे पुण्यातही तसंच असतं आणि क्रीटमध्येही तसंच. तुम्ही रस्त्याच्या कडेला बसलेले दिसलात तर चुकीच्या बाजूला आहात. चूक गर्दीत होत नाही, तिथे पुढच्या गाडीमागे जातो. ती होते पेट्रोल पंपातून बाहेर पडताना आणि सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर वळताना. प्रत्येक वळणाआधी शेजारच्याने मोठ्याने "उजवीकडे राहा" म्हणायचं, हे काम त्यालाच द्या.

दुसरा धोका म्हणजे गाडी नकळत उजवीकडे सरकते, कारण तिची सगळी रुंदी आता तुमच्या उजव्या अंगाला असते. रेथिम्नोजवळच्या एका गावात उभ्या गाडीच्या आरशापासून आमचा आरसा चार बोटांवरून गेला. मी चालवत होते आणि माझ्या जागेवरून मला ते अंतर हातभर वाटलं होतं. नवऱ्याने ओरडून थांबवलं नसतं तर आरसा गेलाच असता. विमा घेताना आरशांबद्दल वेगळं विचारा, ते यासाठीच.

उत्तर किनाऱ्याच्या हमरस्त्यावर बऱ्याच ठिकाणी एकेकच लेन आहे. सावकाश जाणारे अर्धी गाडी कडेच्या पट्ट्यावर घेऊन मागच्याला जाऊ देतात. मागून कोणी लाइट मारले तर तो वाट मागतोय. पुढे पट्टा मोकळा दिसत असेल तेव्हाच बाजूला व्हा. आंधळ्या वळणावर होऊ नका, पुढे बंद पडलेली गाडी असू शकते. वेगमर्यादा शहराबाहेर साधारण ९०, शहरात त्याहून बरीच कमी, आणि पाटीवर कमी असेल तर पाटी खरी.

नकाशाचं ॲप 'सर्वात जवळचा रस्ता' म्हणून गावातल्या बोळात घालतं. रस्ता अचानक अरुंद झाला तर पुढे जाऊ नका, मागे या आणि पाट्यांचा रस्ता धरा.

*इथे थांबून तपासा, पेट्रोल भरताना:* पंपावर माणूस असतो, तोच भरतो. ग्रीकमध्ये पेट्रोलला 'वेन्झिनी' म्हणतात आणि 'पेत्रेलेओ' म्हणजे डिझेल. आपण 'पेट्रोल' म्हटलं की चुकीची नळी येऊ शकते. पेट्रोल गाडीला 'अमोलिव्दी', म्हणजे बिनशिशाचं, असं सांगा आणि टाकीच्या झाकणाआतलं लेबल बोटाने दाखवा. चुकीचं इंधन विम्यात येत नाही. डोंगरात जाताना टाकी अर्ध्याखाली येऊ देऊ नका, गावातले पंप संध्याकाळी आणि रविवारी बंद असू शकतात.

८. सँटोरिनीला जाणार असाल तर

बेट लहान आहे. विमानतळ फिरा या मुख्य गावापासून सहाएक किलोमीटर, सूर्यास्तासाठी प्रसिद्ध ओइया फिरापासून अकरा. बसचं जाळं फिराच्या स्थानकाभोवती आहे, म्हणून विमानतळ ते ओइया जायचं तर फिराला उतरून बस बदलायची. उन्हाळ्यात ओइयात पार्किंग शोधण्यात सूर्यास्त निघून जातो. एखादा दिवस दक्षिणेकडचे किनारे बघायला गाडी घ्या, बाकी बस.

बोटीने आलात तर आथिनिओस बंदरात उतराल. खाली बंदर, वर कड्यावर गावं आणि मधे वळणावळणाचा घाट. बोट लागली की शेकडो माणसं एकदम बाहेर येतात आणि टॅक्सी मोजक्या. इथे ट्रान्सफर आधीच ठरवा. फिराच्या खालचं जुनं बंदर वेगळं. तिथे क्रूझचे प्रवासी उतरतात आणि केबल कारने किंवा पायऱ्यांनी वर येतात.

९. परत करताना

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटतो आणि बोटी रद्द होतात. अथेन्सहून भारताचं विमान असेल तर बेटावरून आदल्या दिवशीच निघा, त्याच दिवशी नको. गाडीचा शेवटचा दिवसही त्या हिशोबाने धरा.

गाडी दुकान उघडं असताना परत करा. पेट्रोल घेतलं होतं तेवढं भरा आणि पावती ठेवा. माणसासमोर पुन्हा एकदा फेरी मारून व्हिडिओ घ्या, काट्यासकट. 'चावी पेटीत टाका' असं सांगितलं असेल तर व्हिडिओत घड्याळ आणि जागा दिसू द्या. गाडी बिनतक्रार मिळाल्याचा एक ओळीचा मेसेज त्यांच्याकडून मागा.

रोखलेली अनामत सुटायला काही दिवस ते दोन आठवडेही लागू शकतात. चुकीच्या पार्किंगचा किंवा वेगाचा दंड असेल तर तो नंतर, कंपनीच्या शुल्कासह कार्डावर येऊ शकतो. पुढची दोन स्टेटमेंट येईपर्यंत करार, पावत्या आणि दोन्ही व्हिडिओ फोनमधून काढू नका.